आजीचा लळा तोडायचा का? अडीच वर्षांच्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा अडीच वर्षांचा. तुम्ही बँकेत, नवरा खासगी कंपनीत. बाळंतपणाची रजा संपल्यापासून जुळे सोलापुरातल्या घरी सासू-सासऱ्यांनीच त्याला सांभाळलं. आता तो आजीच्या कुशीशिवाय झोपत नाही. पडला, लागलं, तर तुम्ही समोर असूनही आजीकडे धावतो. संध्याकाळी तुम्ही उचललंत की आजीकडे हात पसरतो. सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्याच्याशी कानडीत बोलतात. जूनमध्ये नवऱ्याच्या बदलीमुळे तुम्ही तिघं पुण्याला जाणार. शेजारच्या बायका सांगतायत की लळा फार लागलाय, आत्तापासूनच थोडा थोडा तोडा, नाहीतर तिकडे गेल्यावर पोर आजारी पडेल. तोडावा का, कसा तोडावा, आणि पुण्याच्या शाळेचा विचार करून कानडी बंद करावी का, हे तुम्ही विचारलंय.

तोडू नका. जूनपर्यंत तो जितका घट्ट राहील तितका राहू द्या. तुम्हाला वेगळं काम करायचं आहे. तुमच्या घरात लेकराची सगळी कामं एकट्या सासूबाईंकडे गेली आहेत. त्यातली एक-दोन कायमची त्यांची ठेवायची आणि एक-दोन कायमची तुमची करायची. सोलापुरात लहान मुलांची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं घरं बघितल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. आजी-आजोबांचं नातवंडाशी नातं रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामातून रुजतं, आणि अख्ख्या दिवसाचा भार टाकला की तेच नातं थकायला लागतं.

‘लळा तोडा’ म्हणणाऱ्यांच्या मनात एक हिशेब असतो. मुलाच्या मायेचा साठा ठरलेला आहे, आजीने जास्त घेतला म्हणून आईच्या वाट्याला कमी आला. असं नसतं. बालविकासाच्या अभ्यासातही एके काळी याच्या जवळपासचं मत होतं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तेव्हा सगळा भर आईवर किंवा आईच्या जागी कायम असणाऱ्या एका व्यक्तीवर होता. पुढे रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगो शहरातल्या ६० बाळांच्या घरी वारंवार जाऊन निरीक्षणं केली. १९६४ साली त्यांनी ती मांडली. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेक बाळांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागलेला होता. आई होती, वडील होते, आजी-आजोबा होते, मोठी भावंडंही होती. तुमच्या कामाची गोष्ट त्याच अभ्यासात पुढे आहे. बाळ कुणाला चिकटतं हे त्या माणसाने किती तास घालवले किंवा कुणी भरवलं यावर फारसं ठरत नव्हतं. बाळाने केलेल्या खुणेला कोण चटकन आणि बरोबर उत्तर देतं, यावर ते ठरत होतं.

म्हणजे बँकेतले तुमचे आठ-नऊ तास हा तुमच्या विरोधात गेलेला निकाल नाही. संध्याकाळचे दोन तास तुमचेच आहेत.

पडल्यावर तो आजीकडे धावतो, कारण मुलाच्या मनात आपल्या माणसांची एक उतरंड असते. खेळताना, हसताना तो कुणाकडेही जाईल. भूक, झोप, दुखणं, भीती यांपैकी काही आलं की तो उतरंडीत सगळ्यात वर असलेल्या माणसाकडे जातो. सध्या तिथे आजी आहे. दुसऱ्या जागेवर तुम्ही आहात, आणि दुसऱ्या जागेवरचं माणूस परकं नसतं. पहिली जागा वय आणि घर बदलतं तशी बदलतेही. आजी गावाला गेली की अशी मुलं पहिली रात्र रडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आईच्या गळ्यात हात टाकून झोपतात, हे माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आयांनी सांगितलंय. ज्या मुलाला एका माणसावर पूर्ण विसंबता आलं, त्याला दुसऱ्यावर विसंबणं सोपं जातं. आजीने अडीच वर्षं जे केलं ते तुमच्याही कामी येणार आहे.

आपल्या गावात हे काही नवीन नाही. १८७७ साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी उभी राहिली तेव्हापासून या शहरातली बाई भोंग्यावर घराबाहेर पडत आली आहे. गिरण्या गेल्या, यंत्रमाग आले, टॉवेल-चादरीची शिलाई आली, विडी तर होतीच. पूर्व भागातल्या पेठांत किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात जाऊन बघा, कितीतरी लेकरं दिवसभर आजीच्या नजरेखाली असतात. जगातही हे जुनंच आहे. टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाडझा लोकांचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टन हॉक्स यांनी दाखवलं की तिथल्या म्हाताऱ्या बायका जमिनीतून कंद खणून आणतात, आणि मुलीला पुढचं मूल झालं की आधीच्या नातवंडाचं पोट त्यावर भरतं. गाम्बियाच्या खेड्यांतल्या नोंदींवरून रिबेका सिअर आणि रूथ मेस यांना दिसलं की ज्या लहान मुलांची आईची आई हयात होती, त्यांची जगण्याची शक्यता जास्त होती. आजी नुसती माया करते असं समजू नका. माणसाचं पोर वाढवायला आजी लागतच आली आहे.

आता कामांबद्दल, कारण माझ्या उत्तराचा गाभा तोच आहे.

लहान मुलाला माणूस कळतं ते त्याच्याबरोबर होणाऱ्या गोष्टीतून. आजी म्हणजे अंघोळीनंतर पंचाने खसाखसा पुसणारे हात. आजोबा म्हणजे संध्याकाळी कठड्यावर उभं करून गाड्या दाखवणारं माणूस. ही गोष्ट रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, त्याच दोन शब्दांसह झाली की मूल तिची वाट बघायला लागतं, आणि वाट बघण्यातूनच लळा लागतो. माझ्या माहितीतले भवानी पेठेतले एक आजोबा आहेत, आयुष्यभर माग चालवला. उतारवयात त्यांनी नातीसाठी एकच काम धरलं. संध्याकाळी तिला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि वाटेतल्या पायऱ्या तेलुगूत मोजायच्या, ओकटी, रेंडु, मूडु. बाकी दिवसभर ते फारसं बोलत नाहीत. ती मुलगी मात्र पाच वाजले की त्यांच्या चपला उचलून दारात आणून ठेवते. दुसरीकडे असेही आजी-आजोबा बघितले आहेत जे दर महिन्याला महागडं खेळणं आणतात आणि मूल खेळणं घेऊन पळून जातं. त्यांना वाईट वाटतं, आणि ते खरंच वाईट वाटण्यासारखं आहे. उपाय सोपा असतो. खेळणं बाजूला ठेवा आणि एक काम मागून घ्या.

तुमच्या घरी मी अशी वाटणी करेन. सकाळची अंघोळ आणि दुपारची झोप आजीची. रात्रीचं जेवण आणि झोपवणं हळूहळू तुमचं. जून यायला वेळ आहे, त्यामुळे एका रात्रीत बदलू नका. पहिल्या आठवड्यात झोपताना आजीबरोबर तुम्हीही शेजारी आडव्या व्हा, बाकी काही करू नका. नंतर तीच गोष्ट, तेच थोपटणं तुम्ही करा आणि आजी शेजारी. मग आजी खोलीत बसलेली, पण गादीवर नाही. मग आजी दिवा घालवून ‘मी आतल्या खोलीत आहे’ असं सांगून जाणार. त्याला न सांगता उठून जायचं नाही, हा एक नियम कडक पाळा. चोरून गेलेलं माणूस पुन्हा कधीही नाहीसं होईल, ही धास्ती त्या वयात बसते आणि मग मूल झोपेतही पदर सोडत नाही. तो रडेल. रडू द्यायचं म्हणजे एकटं सोडायचं असं नाही, तुम्ही तिथेच असणार आहात. आईजवळ रडून आईजवळच शांत झालेलं मूल आईकडे पुढच्या वेळी लवकर येतं. संध्याकाळी बँकेतून आल्यावर लगेच उचलून घेऊ नका. हातपाय धुवा, त्याच्याजवळ जमिनीवर बसा, तो जे करतोय त्यात शिरा. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत तो स्वतःच मांडीवर येतो.

सासूबाईंना हे सोपं जाणार नाही, तेही समजून घ्या. अमेरिकेत जेम्स रिलिंग यांच्या गटाने २०२१ मध्ये ५० आज्यांना त्यांच्या नातवंडांचे फोटो दाखवून मेंदूचे स्कॅन केले. दुसऱ्याची भावना स्वतःला जाणवते तेव्हा मेंदूचे जे भाग चेतवले जातात, ते नातवंडाचा फोटो बघताना जास्त चेतवले गेले. स्वतःच्या मोठ्या झालेल्या मुला-मुलीचा फोटो बघताना मात्र समजून घेण्याशी जोडलेले भाग जास्त काम करत होते. नातू रडला की सासूबाई आतल्या खोलीतून धावत येतात, त्याला हट्टीपणा म्हणू नका. त्यांना ते रडणं ऐकवतच नाही. म्हणून झोपवण्याचा बदल त्यांच्याशी बोलून, त्यांनाच विचारून करा. ‘तुम्ही त्याला बिघडवलंय’ हे वाक्य चुकूनही उच्चारू नका. ‘तिकडे गेल्यावर त्याला रात्री झोप लागली पाहिजे, मला शिकवा’ असं म्हणा. हे खरंही आहे. कुठल्या अंगावर निजतो, पाठ थोपटायची की कपाळ, हे त्यांनाच माहीत आहे.

सासूबाईंच्या शरीराचाही विचार करा. अडीच वर्षांचं पोर बारा-तेरा किलोचं असतं आणि दिवसातून कितीदा तरी उचलावं लागतं. गुडघे, कंबर, रक्तदाब, मोडलेली झोप, सगळं साठत जातं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमधल्या ५७ ते ६८ वयाच्या बायकांचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला. आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग यांच्या चाचण्यांतली कामगिरी चांगली होती, आणि पाच किंवा जास्त दिवस सांभाळणाऱ्यांची कमी. एका अभ्यासावरून नियम बांधता येत नाही, पण माझ्या ओपीडीत रोज दिसणाऱ्या चित्राशी तो जुळतो. नातवाला घेऊन येणारी आजी त्याचा ताप अचूक सांगते आणि स्वतःची रक्तदाबाची गोळी आठवड्यापासून संपलेली असते. सोलापुरातल्या सुनांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आठवड्यातला एक दिवस सासूबाईंचा त्यांचा स्वतःचा असू द्या. रविवारी नवऱ्याने मुलाला सांभाळावं. सासूबाईंना सिद्धेश्वराला जायचं असेल तर जाऊ दे, नुसतं झोपायचं असेल तर झोपू दे.

तुम्ही सासऱ्यांबद्दल एका शब्दापलीकडे काही लिहिलं नाही. बहुतेक घरांत तसंच होतं. नोकरीत असताना स्वतःच्या मुलांना वेळ देता आला नाही अशी ती पिढी आहे, आणि निवृत्तीनंतर नातू हा त्यांच्यासाठी दुसरा डाव असतो. पण लंगोट, भरवणं, झोपवणं यात त्यांना कुणी शिरू देत नाही. मग ते पेपर घेऊन बाजूला बसतात आणि मूल त्यांना ‘बाजूला बसणारं माणूस’ म्हणूनच ओळखतं. त्यांना घराबाहेरचं एक काम द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर सिद्धेश्वर तलावाच्या काठाने, कंबर तलावाजवळ, नाहीतर घराजवळच्या बागेत एक फेरी. बाटलीत पाणी, डोक्याला टोपी. त्या फेरीत मूल जितकं बोलतं तितकं घरात बोलत नाही, कारण आजोबांना घाई नसते. एका दगडाशी दहा मिनिटं थांबायला तयार असलेलं मोठं माणूस मुलाला दुसरीकडे कुठे मिळणार?

कानडीचं उत्तर एका वाक्यात संपतं, बंद करू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलाचं बोलणं लांबत नाही. ‘आजी, नीरु दे’ (नीरु म्हणजे पाणी) असं एका वाक्यात दोन भाषा घालणं या वयात नेहमीचं आहे. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. दोन वर्षांच्या सुमारास एकूण पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी यायला हवी. तुमचा मुलगा तुम्ही लिहिल्याप्रमाणे छोटी वाक्यं बोलतो, त्यामुळे काळजी नाही. मराठी गल्लीतून, शाळेतून येईलच. आजीची कानडी आजीकडूनच येईल, आणि आजी सोडून ती त्याला पुण्यात कुणी देणार नाही.

लळ्याची धास्ती सोडा, असं मी सांगते. आजी-आजोबांकडे मूल दिवसभर असतं तेव्हा मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टींची, आणि त्या आमच्याकडे तातडीने येतात.

पहिली म्हणजे गोळ्या. आजी-आजोबांच्या मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एकच गोळी लहान मुलाची साखर काही तासांनी धोकादायक पातळीला खाली आणू शकते. रक्तदाबाच्या, लोहाच्या गोळ्याही मुलाच्या जिवावर बेतू शकतात. उशीखाली, खिडकीत, सासूबाईंच्या बटव्यात गोळ्या नकोत, कडी लागणाऱ्या उंच कपाटात हव्यात. एखादी गोळी गिळल्याची नुसती शंका आली तरी मूल खेळतंय म्हणून थांबू नका. गोळीचं पाकीट घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा.

दुसरी म्हणजे पाणी. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी घरातला प्रत्येक पिंप, बादली, टब भरलेला असतो. या वयात मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. तो वाकून बघताना तोल गेला तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, आणि बादलीतलं वीतभर पाणीही पुरतं. पिंपाला घट्ट झाकण, मोरीला बाहेरून कडी. आजी तांदूळ निवडत असते, लेकरू आवाज न करता मोरीत जातं. बुडताना मूल ओरडत नाही.

तिसरी म्हणजे शेंगा. सोलापूरच्या घरात शेंगदाणा हाताशी असतोच, आणि आजी प्रेमाने दोन दाणे हातावर ठेवते. पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा नको, फुटाणे नकोत, बी असलेलं बोर नको. दाणा श्वासनलिकेत अडकला तर दुर्बीण घालून काढावा लागतो, तोही वेळेत आलं तर. कूट करून भाकरीत, दह्यात, लाडवात हवं तितकं द्या. दह्यात कालवलेली चिमूटभर शेंगा चटणी दोन-अडीच वर्षांचं पोर आवडीने खातं, फक्त तिखट बेताचं असू द्या.

ज्या घरांत आजी विड्या वळते तिथे सूप मांडीवर आणि नातू शेजारी असं दृश्य असतं. हजार विडीमागे मजुरी, त्यामुळे हात थांबवता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी तंबाखूची धूळ मुलाच्या श्वासात आणि तोंडात जाते. निदान तंबाखूचं सूप मुलाच्या खेळण्याच्या खोलीत नसावं आणि त्याला घेण्याआधी हात साबणाने धुवावेत. मिश्रीची डबी, आजोबांची विडी-काडी यांनाही तेच लागू. घरातल्या कोणत्याही मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पाच वर्षांखालच्या मुलाला क्षयाची लागण झाली तर तो गंभीर रूप घेऊ शकतो.

मोबाइलबद्दल आजीला दोष देण्याआधी तिच्या जागी बसून बघा. भाजी चुलीवर, गुडघा दुखतोय, पोर पायात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखाली व्हिडिओ कॉल सोडून पडदा नको, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, तोही मोठ्या माणसाच्या सोबतीने. आजीला हा नियम सांगायचा असेल तर तिला मोबाइलच्या बदल्यात काहीतरी द्या. परातीत ज्वारी आणि दोन वाट्या दिल्यात, तर अर्धा तास जातो, आणि आजी तिथेच बसून भाकरी थापते. लहान गोळा त्याच्याही हातात दिला तर आणखी बरं. खाऊ, चॉकलेट यावरून भांडू नका. जेवणाआधी नाही, एवढं एक ठरवा आणि बाकी आजीवर सोडा.

आता जूनचं. जाण्याआधी आठवडाभर त्याला रोज सांगा, साध्या शब्दांत: आपण पुण्याच्या घरी राहणार, आजी-आजोबा सोलापूरच्या घरी राहणार, आणि आपण भेटायला येणार. एवढ्या लहानाला काय कळतंय असं म्हणू नका. त्याला तारीख कळत नाही, पण आपल्याला कुणीतरी सांगितलं होतं हे कळतं. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी किंवा ती पांघरते तीच सोलापुरी चादर सोबत न्या, आणि न धुता न्या. अनोळखी खोलीत ओळखीचा वास मोठा आधार असतो. जमलं तर पहिले आठ-दहा दिवस आजी-आजोबांनी तिकडे यावं, म्हणजे त्याला नवं घर आजीसकट दिसेल. तिथे झोपवणं मात्र पहिल्या रात्रीपासून तुमचंच.

गेल्यावर पंधरा दिवस ते महिनाभर तो चिडेल, जेवण कमी करेल, रात्री उठेल, शी-शू सांगायला शिकला असेल तर पुन्हा चड्डीत करेल. हे अपेक्षित आहे. त्यावर रागावू नका, आणि ‘आजी नाही, आता विसर’ असंही म्हणू नका. आजीचं नाव घरात मोकळेपणाने घ्या. महिन्यानंतरही वजन उतरत असेल, येत असलेले शब्द गेले असतील किंवा तो खेळायचाच बंद झाला असेल, तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

व्हिडिओ कॉल त्याच्या वयात उपयोगी पडतो. २०१४ च्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना समोरासमोर आणि व्हिडिओ कॉलवर नवे शब्द शिकता आले, पण ध्वनिचित्रित केलेल्या व्हिडिओवरून आले नाहीत. पलीकडचं माणूस त्याला उत्तर देतं की नाही, यावर सगळं आहे. ‘बोल ना आजीशी, सांग ना’ असा तगादा लावला की मूल पळतं. रोज संध्याकाळी सातला आजी कॉलवर यावी आणि तिने तिचं एक काम करावं. कानडीतलं एक गाणं, एकाच मांजराची रोज पुढे सरकणारी गोष्ट, किंवा भाकरी करताना फोन ओट्यावर टेकवून ‘ही कितवी?’ असं विचारणं. दहा मिनिटं पुरेत. आजोबांनी फेरीला जाताना त्याच रस्त्यावरचं ओळखीचं कुत्रं दाखवावं.

सासूबाईंचं घर त्या दिवशी एकदम रिकामं होणार आहे. अडीच वर्षं ज्यांना बसायला उसंत नव्हती, त्यांच्या हातात सकाळी दहा वाजता काही काम उरणार नाही. अशा वेळी जेवण सुटणं, झोप न लागणं, रक्तदाब वर जाणं हे मी अनेक आज्यांमध्ये बघितलंय, आणि घरातलं कुणी ते नातवाशी जोडत नाही. जाण्याआधी त्यांची तपासणी करून घ्या आणि नवऱ्याला सांगा की पहिले काही आठवडे आईला रोज फोन त्याने स्वतः करायचा, मुलाला पुढे न करता. पहिली भेट महिन्याच्या आत ठरवा. हुतात्मा एक्सप्रेसने चार-साडेचार तासांचा रस्ता आहे, तिकीट निघण्याआधीच काढून ठेवा. पुढे दिवाळी आहे, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आहे, आणि नंदीध्वजांची मिरवणूक आजोबांच्या खांद्यावरून बघण्याचं त्याचं वय हेच आहे.

त्या पहिल्या भेटीबद्दल सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की तो कदाचित लगेच येणार नाही. तुमच्या मागे लपेल, तोंड फिरवेल. महिनाभर न दिसलेल्या माणसावर या वयाची मुलं रुसतात, आणि जिच्यावर जास्त जीव तिच्यावर जास्त रुसतात. त्यांनी धावत येऊन उचलून घेऊ नये. खाली बसावं, त्याच्याकडे फार न बघता त्यांचं नेहमीचं काम सुरू करावं, दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी काढावं आणि पंचा खांद्यावर टाकावा. तोवर तुम्ही मध्ये पडून ‘जा ना आजीकडे’ असं म्हणू नका.